पाचव्या रिंगरोडवरून आपट्याला

पनवेलच्या मोहल्ल्यातली मुबीना सत्तेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली, तेव्हा तिची खरी अडचण अशी होती की तिला गाडी आधीच चालवता येत होती. म्हणजे स्टिअरिंगला तिने आयुष्यात हात लावला नव्हता. पण चोवीस वर्षं, दर शुक्रवारी दुपारी, ती कुवेतच्या रस्त्यांवरून हिंडून येत होती, आणि तेही डोळे मिटून.

तिचा नवरा ताहेर तिकडे ड्रायव्हर होता. आधी एका घरची गाडी चालवायचा, नंतर कंपनीची व्हॅन. जुम्म्याची नमाज आटोपली की माणसांना समुद्राकाठी सोडून रिकाम्या गाडीने परतताना तो घरी फोन लावायचा. पनवेलमध्ये तेव्हा साडेतीन-चार वाजलेले असत, जेवणाची भांडी पालथी पडलेली असत आणि गल्ली पेंगत असे. दोन वर्षांतून दीड महिना एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोची खुशाली किती वेळ पुरणार? दोन मिनिटांत संपायची. मग काय बोलावं हे दोघांनाही सुचायचं नाही, आणि फोन ठेवावासाही वाटायचा नाही. अशाच एका शुक्रवारी ताहेरने रस्ता सांगायला सुरुवात केली.

"पाचव्या रिंगरोडला लागलो बघ. उजव्या कडेनं चाललोय. डाव्या हाताला दुभाजक, त्यात खजुराची झाडं. आता सिग्नल लाल. थांबलो. सुटला. आता उजवीकडे वळतो."

आणि मग फोनमधून इंडिकेटरची टिकटिक ऐकू यायची. मुबीना खिडकीपाशी बसून ती ऐकायची. हातात तांदूळ निवडायचं ताट असलं तर तेच हळूहळू उजवीकडे वळायचं. लहानपणी तिची मुलगी जास्मीन पोट धरून हसायची, "अम्मी गाडी चालवतेय!" मुबीना डोळे उघडायची नाही. डोळे उघडले की स्वयंपाकघर दिसायचं आणि मिटले की काळाभोर रुंद रस्ता, पलीकडे पांढरट समुद्र, आणि बाजूला ताहेर. तो डाव्या सीटवर, कारण तिकडे स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं. कधी कधी ताहेर मनातून खिडकीबाहेर विरघळून जायचा आणि त्याच्या जागी ती स्वतःच बसलेली असायची. या गोष्टी ती कोणाला सांगत नसे. सांगून कोण समजणार होतं?

ताहेर सुट्टीवर आला की पहिल्या सकाळी एक तमाशा ठरलेला. मागच्या सुट्टीत त्याने एक जुनी पांढरी गाडी घेतली होती, त्याआधी भावाची असायची. चावी फिरवत ऐटीत खाली उतरायचा, सरळ डावा दरवाजा उघडायचा आणि आत बसायचा. हात पुढे जायचे, समोर स्टिअरिंगच नाही. मग गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "अरे, स्टिअरिंग चोरीला गेलं!" दर खेपेला हाच विनोद. मुबीना दर खेपेला हसायची, कारण हा विनोद झाला की तिला तो खरोखर घरी आल्यासारखा वाटायचा.

मग गेल्या रमजानमध्ये एका शुक्रवारी ताहेरने रस्ता सांगितलाच नाही.

"गाडी उभी केलीये," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, शुगर डोळ्यांच्या पडद्यावर उतरलीये. लांबचं धूसर व्हायला लागलंय. औषधानं आहे तेवढं टिकेल, पण गाडी बंद. कंपनी सांगते, कागदपत्रं होईपर्यंत ऑफिसात बसा, मग घरी जा."

"मग या ना घरी," मुबीना म्हणाली. चोवीस वर्षं हे वाक्य तिच्या ओठांवर होतं, आणि म्हणायची वेळ आली ती अशी.

"येतो. येऊन काय करू? रिक्षात मागे बसू?"

हे मागे बसणं तिच्या मनाला फार लागलं. लग्न झाल्यावर ताहेरने मित्राची गाडी मागून आणून तिला आपट्याला नेलं होतं, पाताळगंगेच्या काठच्या गावी. त्याच्या लायसनला तेव्हा महिनाही झाला नव्हता. नदीकाठच्या दगडावर बसून तो म्हणाला होता, "कायमचा परत आलो की दर शुक्रवारी तुला इथं आणीन." आता तो कायमचा परत येणार होता आणि आणणार कोणी नव्हतं. मुबीनाने रात्र-दिवस विचार वगैरे केला नाही. ईद झाली, पाहुणे गेले, आणि ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन उभी राहिली. तिला एवढंच हवं होतं, की जन्मभर दुसऱ्यांना नेणाऱ्या या माणसाला कोणीतरी पुढच्या सीटवर बसवून न्यावं, आणि त्यात त्याला कमीपणा वाटू नये. पहिली गोष्ट तिच्या हातात होती. दुसरीची तिला भीती वाटत होती, म्हणून ताहेरला तिने काही कळवलं नाही.

चाळिशी उलटलेल्यांना लायसनसाठी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मुबीनाने शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचून टाकली. "नजर उत्तम आहे तुमची," डॉक्टर म्हणाले, आणि तिला रडू आलं. डॉक्टर गोंधळले. बिचाऱ्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं.

कॉम्प्युटरवरची परीक्षा झाली, शिकाऊ लायसन हातात आलं, आणि ती दाजींच्या ताब्यात गेली. दाजी पनवेलजवळच्या गावचे आगरी गृहस्थ, तीस वर्षं गाडी शिकवून शिकवून त्यांचा डावा पाय कायम ब्रेक शोधत असायचा. पहिल्या दिवशी मुबीनाने क्लच असा अलगद सोडला की दाजी तिच्याकडे बघतच राहिले.

"बाय, तुमी पयलं कुटं शिकल्या?"

"कुठंच नाही."

"मंग पाय कसा यवरा सवयीचा हाय?"

मुबीनाने गिअर टाकला. वडाळे तळ्याच्या बाजूने गाडी निघाली. सकाळचं ऊन पाण्यावर पसरलं होतं, आणि मुबीनाला वाटलं, हा समुद्रच आहे, पुढे खजुराची झाडं येतील, सिग्नल येईल. ती गुंगीत चालली होती. गिअर वेळेवर पडत होते, आरशात नजर जात होती, सगळं कसं आपसूक होत होतं, आणि समोरून येणारा टेम्पो नेमका तिच्याच नाकावर येत होता.

दाजींनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. टेम्पोवाला जे बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही.

"बाय," दाजी घाम पुसत म्हणाले, "सगला बरोबर हाय, पन तुमी सारख्या उजवीकरं कशाला जाता? डाव्या अंगाला तुमची सासू उभी हाय का?"

ही खोड काही केल्या जाईना. सरळ रस्त्यावर ती स्वतःला बजावायची, डावीकडे, मुबीना, डावीकडे. पण वळण आलं, मन जरा सैल झालं, की चोवीस वर्षांचे शुक्रवार तिला अलगद उचलून उजव्या कडेला नेऊन ठेवायचे. दाजींनी डाव्या हातावर पेनाने फुली मारली. डाव्या मनगटात बांगडी घालायला लावली. टपाल नाक्यावर तिने बांगडीकडे बघितलं, मान डोलावली, आणि उजवीकडे गेली.

पहिली टेस्ट अर्थातच गेली. आरटीओचे साहेब शांत माणूस होते. तिने गाडी सुरेख सुरू केली, सुरेख मागे घेतली, वळण घेतलं आणि सुरेखपणे चुकीच्या बाजूने चालू लागली. साहेबांनी वहीत काहीतरी खरडलं.

"मॅडम, समोरून कोणी आलं नाही म्हणून आपण दोघं बोलतोय. आठवडा जाऊ द्या, मग परत या."

बाहेर टपरीवर दाजींनी चहा सांगितला. हरल्यावर माणूस खरं बोलतो तशी मुबीना बोलली. शुक्रवारचे फोन, पाचवा रिंगरोड, तांदळाचं ताट, सगळं. दाजी हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. चहा संपवून पेला खाली ठेवून म्हणाले, "बाय, तुमच्या डोक्यान रस्ता ज्यानी घातलाय ना, त्यालाच काराला सांगा. माज्याकरून नाय व्हायचा."

शुक्रवारी फोन आला. ताहेर आता ऑफिसात बसायचा. फोनमध्ये पंख्याचा आवाज यायचा, टिकटिक नाही. मुबीनाने एका दमात सांगून टाकलं, की मी गाडी शिकतेय, एकदा नापास झालेय, आणि तुमच्या रस्त्यामुळे झालेय.

पलीकडे पंखा फिरत राहिला.

"कोणाला विचारून शिकतेस?"

"कोणाला विचारायचं होतं?"

"मी अजून आंधळा झालो नाही, मुबीना," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. युद्धाच्या बातम्या असोत, वादळ असो, करोना असो, शुक्रवार चुकला नव्हता. मुबीना खिडकीपाशी ताट घेऊन बसायची आणि तांदूळ तसेच पडून राहायचे. आपण काय करून बसलो? त्याच्याकडे एकच कला होती आणि ती आपण त्याच्या हयातीत वाटून घ्यायला निघालो. जास्मीनने फोनवर सांगितलं, "अम्मी, सोड ना, ड्रायव्हर ठेवू." मुबीना म्हणाली, "तुझ्या अब्बांच्या गाडीवर ड्रायव्हर?"

दुसऱ्या टेस्टच्या आदल्या दिवशी, एका गुरुवारी, ताहेरचा निरोप आला. बोललेला, तीन मिनिटांचा. सुरुवातीला नुसतं खाकरणं होतं.

"मुबीना, ऐक. डावं-उजवं विसरून जा. डावं-उजवं लक्षात ठेवून कोणी गाडी चालवत नाही. मी सुट्टीवर आलो की काय करायचो सांगतो. आपला खांदा रस्त्याच्या मधल्या रेघेकडे ठेवायचा आणि शेजारची सीट कडेला. बस. इथं तेच, पनवेलला तेच. समोरून येणारं सगळं आपल्या अंगावर घ्यायचं आणि शेजारी बसलेल्या माणसाला फुटपाथकडे ठेवायचं. मी इतकी वर्षं असंच चालवलं. शेजारी सीटवर कोणी नसायचं, तरी तू बसलीयस असं धरून चालवायचो." मग पुन्हा खाकरणं. "तू कोणाला बसवायचं ते तू बघ."

मुबीनाने तो निरोप किती वेळा ऐकला, याचा हिशेब तिने ठेवला नाही. म्हणजे त्या रिकाम्या सीटवर ती चोवीस वर्षं होती. ती इकडे डोळे मिटून त्या गाडीत जाऊन बसायची आणि तो तिकडे डोळे उघडे ठेवून तिला शेजारी बसवायचा, आणि हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं! तिला हसू आलं, रागही आला, आणि मग ती खूप वेळ खिडकीत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आरटीओचे साहेब तिच्या डावीकडे बसले. मुबीनाने मनातल्या मनात त्यांची माफी मागितली आणि त्यांच्या जागी ताहेरला बसवलं. वळण आलं. समोरच्या रिकाम्या रस्त्याने तिला नेहमीसारखी उजवीकडे हाक मारली. तिने ताहेरला कडेला ठेवलं आणि स्वतः रेघेकडे राहिली. गाडी डाव्या बाजूने, कुठेही न अडखळता, वळून पुढे गेली.

"काय जादू केलीत?" साहेबांनी विचारलं.

"आपलं माणूस बसवलं," मुबीना म्हणाली. साहेबांना ते कळलं नाही, पण त्यांनी सही केली.

ताहेर महिन्याभराने आला. विमानतळावर येते म्हटलं तर "मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये नवीन ड्रायव्हर नको" म्हणून त्याने टॅक्सी केली. घरात आला, चहा प्यायला, आणि खिडकीतून खाली उभ्या पांढऱ्या गाडीकडे बघून पडदा ओढून घेतला. दुसऱ्या सकाळी चावी खिळ्यावरच राहिली. डावा दरवाजा कोणी उघडला नाही, स्टिअरिंग कोणी चोरलं नाही. मशिदीत तो चालत जायचा आणि डोळ्यांच्या दवाखान्यात रिक्षाने, मागे बसून. निरोपातला ताहेर कुवेतलाच राहून गेला की काय, असं मुबीनाला वाटायला लागलं.

तिचं लायसन पोस्टाने आलं तेव्हा मात्र त्याने ते हातात घेतलं. डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन फोटो बघितला, मागची बाजू बघितली. "दहा वर्षांचं आहे," एवढंच म्हणाला. मग उठून ट्रंकेतून आपलं कुवेतचं जुनं लायसन काढून शेजारी ठेवलं. "चोवीस वर्षं. एकही दंड नाही," तो म्हणाला, आणि आपलं परत ट्रंकेत ठेवून दिलं.

मुबीना बसलेला हात मोडू नये म्हणून एकटीच चालवत राहिली. बाजारात जायची, गाढी नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायची. शेजारची सीट रिकामी असायची, पण तिची सवय पक्की झाली होती. लोक बघायचे. एका म्हाताऱ्याने थांबवून विचारलंसुद्धा, "ताहेर आलाय ना, मग तू का चालवतेस?" ती "अस्सलामु अलैकुम, चाचा" म्हणून पुढे गेली.

असे पंधरा दिवस गेले, आणि एका दुपारी ताहेरचा फोन टिंग वाजला. गाडी त्याच्या नावावर होती, नंबरही त्याचाच दिलेला होता. त्याने मेसेज डोळ्यांजवळ नेला. मग चष्मा लावला. मग चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"मुबीना!"

ती ओल्या हातांनी धावत आली. तिला वाटलं, डोळ्यांचंच काही झालं.

"हे काय आहे? चलान? माझ्या नावावर?"

फोटो स्पष्ट होता. सिग्नलला उभी पांढरी गाडी, आणि तिची पुढची दोन्ही चाकं झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर आरामात चढून बसलेली.

"थोडीशीच पुढे गेली," मुबीना पुटपुटली.

"थोडीशी? दोन पट्टे खाल्लेस! माणसांनी कुठून जायचं, टपावरून?" ताहेर उभा राहिला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज घरभर भरला होता. "चोवीस वर्षं परक्या मुलखात शिट्टी ऐकली नाही मी पोलिसाची. आणि तू दीड महिन्यात! थांबताना पुढचे पट्टे बॉनेटवरून दिसत राहिले पाहिजेत, हे सांगितलं नाही कोणी? कोण तो तुझा दाजी?"

"दाजींनी सांगितलं होतं. मी विसरले."

"विसरले! असं विसरलीस तर लायसन किती दिवस राहील हातात? उद्या शुक्रवार ना? नमाज झाली की मी बसतो शेजारी. बघतोच कशी चालवतेस."

मुबीना स्वयंपाकघरात परत गेली. नळ सोडला, आणि त्या आवाजात हसून घेतलं. चलान मिळाल्यावर इतका आनंद झालेली बाई पनवेलमध्ये दुसरी नसेल.

शुक्रवारी दुपारी ती आधी खाली उतरून स्टिअरिंगवर बसली. आरसा दोनदा नीट केला. आरशातून तिला ताहेर येताना दिसला. पांढरा कुर्ता, जिना उतरताना पायरी चाचपणारं पाऊल. तो गाडीपाशी आला आणि नेहमीसारखा, चोवीस वर्षांच्या सवयीने, डावा दरवाजा उघडून आत बसला.

त्याचे दोन्ही हात जरासे वर आले. समोर काही नव्हतं. आता तो हसेल, की उतरून जाईल?

ताहेरने वर आलेल्या हातांकडे पाहिलं. मग तेच हात वळवून सीटबेल्ट ओढला आणि लावला.

"या खेपेला बरोबर बाजूला बसलो," तो म्हणाला. "चल."

"कुठं?"

"आपट्याला."

पळस्पेपर्यंत तो दर मिनिटाला बोलत होता. आरसा बघ. एवढं चिकटू नकोस. ट्रकला जाऊ दे, त्याला घाई आहे, आपल्याला नाही. सिग्नलला तिने पट्ट्यांच्या चांगली हातभर मागे गाडी थांबवली, तेव्हा त्याने मान पुढे करून बॉनेटवरून बघितलं आणि काही न बोलता परत टेकून बसला. गोव्याच्या रस्त्याला लागल्यावर तो हळूहळू गप्प झाला. दुपार पेंगुळली होती. दोन्ही बाजूंची झाडं येत होती आणि मागे जात होती, आणि डोंगरावर कर्नाळ्याचा सुळका उन्हात तरंगत होता.

"मुबीना."

"हं?"

"मला पुढचं नीट दिसत नाही. हिरवं हिरवं नुसतं. काय काय आहे ते सांग."

तिने रस्त्यावरून नजर काढली नाही. खांदा मधल्या रेघेकडे होता, आणि तो कडेला होता, सावलीच्या बाजूला.

"पुढे एसटी चाललीये, लाल. मागच्या खिडकीत एक बाई झोपलीये. उजव्या हाताला दुभाजक. त्यात झाडं, पण खजुराची नाहीत, कण्हेरीची. गुलाबी फुलं आलीयेत. डावीकडे शेत. शेतात बगळे. आता फाटा येतोय आपट्याचा. गाडी हळू केली."

ताहेरने डोळे मिटून घेतले होते. मांडीवर त्याचे दोन्ही हात हलकेच गोल धरलेले होते.

"आता डावीकडे वळते," मुबीना म्हणाली. "तुमच्या बाजूला."

तिने इंडिकेटर दिला. गाडीत टिकटिक सुरू झाली, आणि ताहेरचे हात मांडीवरच डावीकडे वळले.